निवृत्त पोलीस श्वानांच्या औषधपाण्याचा खर्च शासनाने उचलावा का?

शाहूपुरीकर, सातारा

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील जाणकारांपुढे एक विचारणा ठेवतो आहे. पोलिसांच्या श्वान पथकातील श्वान साधारण आठ ते दहा वर्षांचा झाला की सेवेतून निवृत्त होतो. पुढे तो आपल्या हस्तकाकडे (म्हणजे त्याला हाताळणाऱ्या पोलिसाकडे), एखाद्या प्राणिप्रेमी कुटुंबाकडे किंवा संस्थेकडे जातो. सेवेत असताना त्याचे खाणे, लसी, तपासण्या आणि औषधे यांची जबाबदारी सरकारची असते; निवृत्तीनंतर तोच भार सांभाळणाऱ्याच्या खिशावर येतो, आणि तोही नेमका अशा वयात की जेव्हा आजारपणे सुरू होतात. ज्याच्याकडून आपण उमेदीची सगळी वर्षे काम करून घेतले, त्याच्या म्हातारपणाची तरतूद सार्वजनिक निधीतून व्हावी, असे मला मनापासून वाटते. परंतु ती कोणत्या मार्गाने व्हावी, हे मला ठरवता येत नाही.

हा विषय डोक्यात येण्याचे कारण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा कायदा. तिथे 2022 मध्ये निवृत्त पोलीस श्वानांच्या उपचारांसाठी स्वतंत्र योजना झाली. श्वानाने पाच वर्षे सेवा केलेली असली, किंवा तीन वर्षे सेवा करून कामावर असताना त्याला दुखापत झालेली असली, तर त्याचा सांभाळ करणाऱ्याला पशुवैद्यकाच्या बिलापोटी वर्षाला 1,500 डॉलरपर्यंत परतफेड मिळते. संपूर्ण राज्यासाठी वर्षाची तरतूद 3 लाख डॉलरची, म्हणजे पूर्ण रक्कम धरली तरी 200 श्वानांना पुरेल एवढी. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायरच्या पोलिसांनी 2013 मध्येच निवृत्त श्वानांच्या औषधोपचारासाठी निवृत्तिवेतनासारखी व्यवस्था सुरू केली होती. आपल्या देशात केरळ पोलिसांनी 2019 मध्ये त्रिशूरच्या पोलीस अकादमीत निवृत्त श्वानांसाठी ‘विश्रांती’ नावाचे निवासस्थान उभारले.

महाराष्ट्राला या बाबतीत कोणाकडून कृतज्ञता शिकण्याची गरज नाही, असे मी मानतो. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी ‘झंजीर’ या लॅब्राडोरने 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिले. तो पुण्याच्या शिवाजीनगर येथील केंद्रात शिकून तयार झाला होता आणि 2000 साली हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना दिली. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारच्या एका खासगी शेतघरात राहिले आणि 2016 या एकाच वर्षात एकामागून एक गेले. त्यांची अखेरची वर्षे चांगली गेली, कारण ती जबाबदारी आपणहून घेणारी माणसे भेटली. प्रत्येक जिल्ह्यातील प्रत्येक श्वानाला अशी माणसे भेटतीलच असे नाही, आणि शासनाची जबाबदारी अशा योगायोगावर सोडावी का, हा माझा प्रश्न आहे.

ही जबाबदारी कोणाची, पैसा कोठून यावा आणि आपल्या दोन जिल्ह्यांपुरते आज काय करता येण्याजोगे आहे, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती.

निवृत्त हस्तक, सांगली

शाहूपुरीकर साहेब, नमस्कार. मी श्वान हस्तक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि माझ्याबरोबर काम केलेला लॅब्राडोर शेवटपर्यंत माझ्याच घरी होता. त्यामुळे जे पाहिले आणि केले तेच लिहितो.

श्वान पथकात येतो तेव्हा दोन-तीन महिन्यांचे पिल्लू असतो. प्रशिक्षणापासून हस्तक त्याच्याबरोबर असतो, आणि पुढची सात-आठ वर्षे सणवार, पाऊस, ऊन न बघता दोघांची ड्युटी एकच असते. माझा श्वान स्फोटके शोधणारा होता. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी हेलिपॅड आणि सभास्थान, मिरज जंक्शनवरील फलाट, मिरजेच्या गणेश विसर्जन मिरवणुकीचा मार्ग, अशी त्याची कामे असत. चोरी आणि खुनाच्या तपासात माग काढणाऱ्या श्वानाचे काम निराळे आणि कष्टाचे. घटनास्थळी गर्दीने सगळे तुडवून ठेवलेले असते आणि पुढे उसाच्या सरीत पाणी सोडलेले असते, तिथे वास धरून ठेवणे किती अवघड आहे हे बघणाऱ्याला कळत नाही. लोकांना श्वान थोडा वेळ धावताना दिसतो; त्या धावण्यामागे रोजचा सराव असतो आणि त्या सरावाची किंमत त्याचे सांधे मोजतात. गाडीतून उडी मारून उतरणे, जिने चढणे, पोत्यांच्या थप्पीवर चढून हुंगणे, हे वर्षानुवर्षे केल्यावर कंबर आणि मागचे पाय आधी जातात.

निवृत्त झाल्यावर तो घरी आला, तेव्हा पहिली अडचण फरशीची निघाली. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय फाकत आणि एकदा बसला की उठता येत नसे. आम्ही दारापासून त्याच्या जागेपर्यंत गोणपाटाची वाट केली. पुढे तेही जमेना, तेव्हा पोटाखालून टॉवेल घालून, दोन्ही टोके धरून त्याला उचलून अंगणात न्यावे लागे. तीस किलोचे ओझे घरातल्या बायकामाणसांना पेलत नसे, म्हणून मी कुठे मुक्कामाला जाणेच सोडले. एवढे असूनही घरी पाहुणा आला की तो सरपटत त्याच्या पिशवीपर्यंत जाई, नाक लावी आणि माझ्याकडे बघे. स्फोटके शोधणारा श्वान वस्तू सापडली की भुंकत नाही, जागेवर शांत बसतो. पिशवीत काही नाही, हे तो तसे न बसता मला सांगत असे. मी ‘शाबास’ म्हटले की परत आपल्या जागेवर जाई.

खर्चाबद्दल स्पष्टच सांगतो. एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या आणि महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्या यांसाठी मी सेवेत असतानाच पोलिसांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले. मला त्याचे दुःख नाही. परंतु माझे स्वतःचे घर होते आणि मुले कमावती झाली होती. पोलीस लाईनीत दोन खोल्यांत आई-वडील आणि दोन लहान मुलांसह राहणाऱ्या तरुण हस्तकाने काय करावे? श्वानाला नाही म्हणणे त्याच्या जिवावर येते आणि हो म्हणणे परवडत नाही. मग श्वान दुसऱ्या घरी जातो आणि हस्तक मनातून खचतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मदत हस्तकाच्या नावाने न देता श्वानाच्या नावाने द्यावी. तो ज्या घरी जाईल, त्या घरी ती त्याच्या मागोमाग जावी. हस्तकाला पहिला हक्क असावा, पण श्वानाचे औषध कोणाच्याही ऐपतीवर अवलंबून राहू नये.

कराडचा पशुवैद्यक

हस्तक साहेबांनी लिहिलेले सर्व खरे आहे. मी त्यात वैद्यकीय बाजू मांडतो, कारण किती पैसे लागतील हे आजार कोणते होतात यावर ठरते.

लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याची जन्मजात सदोष वाढ बऱ्याच प्रमाणात आढळते. तरुणपणी स्नायू बळकट असल्यामुळे ती झाकली जाते आणि काम थांबल्यावर, वजन वाढल्यावर एकदम उघडी पडते. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा झिजत जाणारा विकारही दिसतो. त्यात वेदना फारशा नसतात, मात्र मागच्या भागाची ताकद हळूहळू जाते. डॉबरमनचे हृदय मोठे आणि कमकुवत होण्याचा आजार प्रसिद्ध आहे आणि एकदा निदान झाले की औषध आयुष्यभर द्यावे लागते. याखेरीज म्हातारपणी दात, मूत्रपिंड, मोतीबिंदू आणि गाठी हे सगळे येतेच. आपल्या भागात गोचिडांमुळे होणारे ताप वर्षभर आढळतात. वयस्क श्वानात ते उशिरा लक्षात आले तर रक्तातील पेशी झपाट्याने घटतात.

सांधेदुखीवर वेदनाशामक गोळी देणे सोपे वाटते, पण ती दीर्घकाळ द्यायची तर ठरावीक काळाने यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्याच लागतात. पैशाअभावी लोक नेमक्या या तपासण्या टाळतात. माणसाची शिल्लक राहिलेली गोळी श्वानाला देण्याचे प्रकार मी पाहिले आहेत; माणसांसाठीच्या काही साध्या वेदनाशामक गोळ्या श्वानाच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. तेव्हा सार्वजनिक मदत द्यायची झाली तर तिचा मोठा वाटा तपासण्यांसाठी असावा, असा माझा आग्रह राहील. वजन आटोक्यात ठेवणे हाही उपचारच आहे आणि तो सर्वांत स्वस्त आहे. तीस किलोच्या लॅब्राडोरला दिवसाला 350 ग्रॅम कोरडे खाद्य धरले, तर महिन्याला साडेदहा किलो लागते. काम थांबल्यावर हे प्रमाण कमी करायला हवे, आणि प्रेमापोटी घरोघरी नेमके उलटे होते.

आता आपल्या दोन जिल्ह्यांपुरते. तालुक्याच्या गावी असलेले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी चालतात, आणि ते योग्यच आहे. तिथे श्वानाच्या खुब्याचा एक्स-रे किंवा हृदयाची सोनोग्राफी होईल अशी अपेक्षा करू नये. मात्र सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे शासकीय महाविद्यालय असून तिथे शिकवणारे तज्ज्ञ आणि शिकणारे विद्यार्थी दोन्ही आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस दलांनी या महाविद्यालयाशी करार करून प्रत्येक निवृत्त श्वानाची वर्षातून दोनदा संपूर्ण तपासणी ठरवून टाकली, तर खर्च आटोक्यात राहील आणि विद्यार्थ्यांनाही काम करून थकलेल्या श्वानांचे आजार जवळून अभ्यासता येतील. शस्त्रक्रियाही शक्यतो तिथेच व्हावी. रोजच्या औषधांसाठी मात्र जवळच्या नोंदणीकृत पशुवैद्यकाची पावती ग्राह्य धरावी, कारण जतच्या माणसाने अंथरुणाला खिळलेल्या श्वानाला घेऊन खंबाटकी घाट ओलांडून शिरवळला जावे, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

माणदेशी, दहिवडी

मी या प्रस्तावाच्या विरोधात नाही, तरीही एक गोष्ट मांडल्याशिवाय राहवत नाही. 2019 चा उन्हाळा आम्ही चारा छावणीत काढला. माणसे जनावरांबरोबर छावणीत राहत होती, म्हसवडच्या छावणीत तर गावेच्या गावे उतरली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले आणि दावणीला बांधलेली जनावरे गेली. ज्या जिल्ह्यांनी एका वर्षात एका टोकाला दुष्काळ आणि दुसऱ्या टोकाला पूर पाहिला, तिथे सार्वजनिक पैशाचा प्रत्येक रुपया कोणाच्या तोंडचा काढून कोणाला दिला जातो, हे विचारावेच लागते. शिवाय पोलीस कर्मचाऱ्यांच्या वसाहतींची अवस्था आपण सगळे जाणतो. छपराला गळती असलेल्या घरात राहणाऱ्या शिपायाला श्वानाच्या निवृत्तिवेतनाची बातमी वाचून काय वाटेल? हा खर्च समाजाने वर्गणीतून किंवा आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या सामाजिक निधीतून केला तर कोणाचीच तक्रार राहणार नाही.

निवृत्त हस्तक, सांगली

माणदेशी भाऊ, तुमचे म्हणणे मला लागले नाही, उलट पटते. मी लाईनीतच वाढलो आणि गळके छप्पर मला माहीत आहे. पण त्या लाईनीतल्या कोणत्याही शिपायाला विचारा, तो श्वानाच्या औषधाला हरकत घेणार नाही. बंदोबस्ताच्या ठिकाणी पहिले पाऊल श्वानाचे पडते आणि त्याने जागा तपासल्यावरच बाकीचे आत जातात. त्याला आम्ही जनावर म्हणून मोजत नाही, आमच्यातला एक म्हणून मोजतो. शिपायाची घरे दुरुस्त व्हावीत यासाठी मी तुमच्याबरोबर अर्जावर सही करीन. एका मागणीसाठी दुसरी मागे घ्यावी लागेल एवढी ही रक्कम मोठी नाही. जिल्ह्याच्या पथकात श्वान असतात ते बोटांवर मोजण्याइतके आणि त्यांतला निवृत्त होतो तो काही वर्षांनी एखादा.

लेखा विभागातील एक, सांगली

सरकारी हिशेबाच्या कामाचा अनुभव असल्यामुळे पैशाच्या वाटेबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम सामाजिक निधीबद्दल. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 आणि सातवी अनुसूची यांनुसार प्राणिकल्याणावर केलेला खर्च कंपनीच्या सामाजिक दायित्वात धरता येतो, हे खरे आहे. पण हे बंधन कंपन्यांवर आहे. आपल्याकडचे बहुतेक जुने साखर कारखाने सहकारी संस्था आहेत आणि त्यांची नोंदणी सहकार कायद्याखाली आहे, त्यामुळे हे कलम त्यांना लागू होत नाही. ते देणगी देऊ शकतील, परंतु देणगी एखाद्या वर्षी येते आणि पुढच्या वर्षी येत नाही. श्वानाच्या हृदयाचे औषध दर महिन्याला लागते. जी गरज नियमित आहे, तिच्यासाठी पैसाही नियमित यायला हवा, आणि म्हणून मी वर्गणीच्या विरोधात आहे.

दुसरा मार्ग जिल्हा नियोजन समितीचा. पालकमंत्री तिचे अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. पोलिसांची वाहने आणि शहरांतील सीसीटीव्ही कॅमेरे यांसाठी अनेक जिल्ह्यांत हाच निधी वापरला गेला आहे, तेव्हा श्वान पथकासाठी मागणी करणे नियमाबाहेरचे नाही. मात्र हा निधी एकदाच होणाऱ्या कामासाठी सोयीचा असतो. शिरवळला एखादे उपकरण घेणे, मुख्यालयाच्या आवारात म्हाताऱ्या श्वानांसाठी न घसरणाऱ्या जमिनीच्या दोन खोल्या बांधणे, हे त्यातून होऊ शकेल. दरवर्षीची औषधे त्यातून मागितली, तर दरवर्षी नव्याने मान्यता घ्यावी लागेल आणि ज्या वर्षी विषय बैठकीपुढे आला नाही त्या वर्षी श्वान औषधावाचून राहील. आवर्ती खर्च गृह विभागाच्या अंदाजपत्रकातूनच यायला हवा. पथकातील श्वानांच्या देखभालीसाठी जी तरतूद होते, तिची व्याख्या ‘सेवेतील श्वान’ अशी न ठेवता ‘सेवेतील व निवृत्त श्वान’ अशी करणारा शासन निर्णय निघाला, तर नवे लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचे वेगळे खाते, उघडण्याचीही गरज पडणार नाही. माझ्या मते सगळ्या चर्चेत हाच मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत टिकाऊ आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 3 प्रमाणे, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी सर्व वाजवी उपाय करणे हे त्याचे कर्तव्य आहे. दत्तक दिल्यावर हे कर्तव्य नव्या पालकाकडे जाते. शासनाने ते कर्तव्य दुसऱ्यावर सोपवताना त्यासाठी लागणारा पैसा मात्र सोपवायचा नाही, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही. श्वानाची झीज शासनाच्या कामात झाली आहे; त्या झिजेचा खर्च हा त्या कामाचाच उरलेला खर्च आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने 2019 मध्ये पोलीस श्वानांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला आहे. राज्याने प्रस्ताव केला तर त्याची प्रत तिकडेही पाठवावी.

गैरवापराची शंका कोणीतरी काढीलच, म्हणून आधीच सांगतो. फ्लोरिडाच्या योजनेत रक्कम हातात दिली जात नाही; पशुवैद्यकाचे बिल आणि श्वानाच्या सेवेचा दाखला दिल्यावर परतफेड होते. आपल्याकडे श्वानाच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवून तिचा क्रमांक प्रत्येक पावतीवर नोंदवणे सक्तीचे केले, तर एका श्वानाचे औषध दुसऱ्याच्या नावाने निघणार नाही. वार्षिक मर्यादा ठरवावी, पण शस्त्रक्रियेसाठी ती ओलांडण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकांकडे ठेवावा.

माणदेशी, दहिवडी

कारखान्यांबद्दलचा खुलासा मला नवा होता. नियमित गरजेला नियमित पैसा हवा, हा मुद्दाही पटला, कारण छावणीची देयके थकल्यावर काय होते ते आम्ही सोसले आहे. गृह विभागाच्या चालू तरतुदीतून होणार असेल आणि दुष्काळनिवारणाच्या पैशाला हात लागणार नसेल, तर माझी सही धरा. फक्त एक मागणी आहे की मागच्या वर्षांत निवृत्त झालेले आणि आज जिवंत असलेले श्वानही यात यावेत. शासन निर्णयाच्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांनाच लाभ, अशी अट आली तर ज्यांना आज गरज आहे तेच वगळले जातील.

शाहूपुरीकर, सातारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेवरून दोन अर्ज तयार करतो आहे. एक गृह विभागाला, पोलीस अधीक्षकांमार्फत, ज्यात ‘सेवेतील व निवृत्त श्वान’ ही दुरुस्ती, श्वानाच्या नावाने प्रतिपूर्ती आणि आज हयात असलेल्या निवृत्त श्वानांचा समावेश या मागण्या असतील. दुसरा दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांना, शिरवळच्या महाविद्यालयाशी करार आणि मुख्यालयातील खोल्यांसाठी. हस्तक साहेब, पथकात काम केलेल्या आपल्या सहकाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर अर्जाला वजन येईल. डॉक्टर, वर्षातून दोनदा करायच्या तपासणीत नेमके काय काय असावे, याची यादी आपण लिहून द्यावी.

कराडचा पशुवैद्यक

यादी या आठवड्यात देतो. वजन, दात, डोळे, खुब्याचा एक्स-रे, रक्त आणि लघवीची तपासणी, डॉबरमनसाठी हृदयाची तपासणी आणि लसीकरण एवढे तिच्यात असेलच. अर्जात आणखी एक कलम घालावे, ही विनंती. श्वान निवृत्त होण्याच्या सहा महिने आधीच पहिली संपूर्ण तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल दत्तक घेणाऱ्या कुटुंबाच्या हाती द्यावा. आपण कोणत्या आजाराची जबाबदारी घेत आहोत हे माहीत असलेली माणसे श्वान परत आणून सोडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.